यजमानाने बसायचं नसतं

मेणबत्ती पेटवताना नेवेन्काच्या अंगात ओव्हरकोट होता आणि गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. तिच्या आजोबांनी हे पाहिलं असतं, तर त्यांनी मेणबत्ती काढून घेऊन तिलाच दाराबाहेर उभं केलं असतं. घराण्याच्या संताचा दिवस, वर्षातून एकदा येणारी स्लावा, आणि घरची यजमानीण निघालीय ऑफिसला!

"तासाभराचं काम आहे, बाबा," ती म्हणाली. "फार तर दोन."

चौऱ्याऐंशी वर्षांचे तिहोमिर काळा सूट घालून टेबलापाशी बसले होते. सूट तिनेच चढवला होता, कारण बटणं आताशा त्यांच्या बोटांना सापडत नसत. "आज मित्रोवदान ना, आपल्या संताचा दिवस?" त्यांनी विचारलं. सकाळपासून हे पाचव्यांदा.

"हो, बाबा."

"मग पाहुणे येतील."

"येतील की. शेजारची रोसांदाकाकू दहाच्या ठोक्याला येतेच दरवर्षी. ती आली की सगळं बघेल. तुम्ही नुसतं बसून राहायचं. मेणबत्तीला हात लावायचा नाही. आणि हे माझे ऑफिसचे कागद..." टेबलाच्या कडेच्या गठ्ठ्यावर तिने दोन बोटं आपटली. "यांना तर अजिबात नाही. काय?"

तिहोमिरनी मान हलवली. मागच्या आठवड्यात त्यांनी तिच्या अहवालाची पानं नीट रचायला म्हणून उचलली होती आणि सगळा क्रम उलटापालटा केला होता. तेव्हा ती इतकी कडाडली होती की म्हातारे दोन दिवस टेबलाच्या त्या बाजूला फिरकले नव्हते. बापावर असं ओरडतात का? नाही ओरडत. पण अहवाल दोनशे पानांचा होता आणि तिला झोप चार तासांची मिळत होती.

टेबलावर बारा ताटं मांडलेली होती. स्लावाची गोल पोळी, अक्रोड घालून शिजवलेल्या गोड गव्हाचं भांडं, रकिया या घरगुती दारूची बाटली, सगळं जागच्या जागी. मधोमध मेणबत्ती हवी, पण तिथे गव्हाचं भांडं आलं, म्हणून तिने ती घाईघाईत कडेला सरकवली. दाराची कडी तिने मुद्दामच लावली नाही, कारण स्लावाला दार बंद नसतं. बोलावणंही कुणाला जात नाही. ज्याला यायचं तो येतो, हीच तर रीत. रोसांदाला फोन करून 'ये गं' म्हणणं म्हणजे तिचा अपमानच झाला असता. नेवेन्का दोन-दोन पायऱ्या उतरत बसकडे धावली.

खरं म्हणजे तिला जायची काही गरज नव्हती. स्लावाची सुट्टी कायद्याने मिळते. द्वारपाल घेतो, शिपाई घेतो, ग्रंथपाल तर आदल्या दिवशीपासूनच गायब असतो. पंधरा दिवसांपूर्वी तिने कुलगुरू वेलिमिर यांच्या कानावर घातलंही होतं.

"अहो, हक्काची सुट्टी आहे तुमची, घ्या की!" कुलगुरू हसून म्हणाले होते. "मी कोण नाही म्हणणारा? फक्त त्या दिवशी राजधानीतून समिती येतेय. आणि यंदा त्यांचा विषय नेमका तुमचा. तुमची खुर्ची रिकामी दिसली, तर त्यांना काय सांगायचं, तेवढं मला लिहून द्या."

विषय खरोखरच तिचा होता. विद्यापीठ चालवणाऱ्या माणसांना काम आणि घर यांचा तोल साधतो का, आणि तो साधला तर कामगिरी सुधारते का. असले विषय ज्यांना सुचतात, त्यांना बहुधा दोन्हीकडे काही काम नसावं. सगळ्या अधिष्ठात्यांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. प्र-कुलगुरू नेवेन्का ग्रुयिच यांनी स्वतःला दहापैकी नऊ गुण दिले होते. घरी वृद्ध वडील, त्यांच्यासाठी चोवीस तास सोय, संध्याकाळी पाचनंतर ऑफिसचं काम नाही. कुलगुरूंनी तो कागद सभेत सर्वांना वाचून दाखवला होता. "याला म्हणतात आदर्श!" चोवीस तासांची सोय म्हणजे रोसांदाकाकू, आणि पाचनंतरचं काम म्हणजे टेबलावरचा तो गठ्ठा, हे कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. जानेवारीत तिची मुदत संपत होती. पुढची नावं कुलगुरू ठरवणार होते. नऊ वर्षं ती प्र-कुलगुरू होती. नवरा त्याआधीच सोडून गेला होता, मूल नव्हतं. ते पद गेलं तर आपण नेमक्या कोण, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं, आणि या प्रश्नाची तिला मनापासून भीती वाटत असे.

सभागृहाच्या दारात कुलगुरूंची लाकडी पेटी ठेवलेली होती. एकेकाळी तिच्यात रकियाच्या बाटल्या आल्या होत्या, आता तिच्यात सगळ्यांचे मोबाईल जात. "दोन तास जगाला आपल्याविना जगू द्या," हा त्यांचा ठरलेला विनोद. नेवेन्काने फोन पेटीत टाकला. दहाला पाच कमी होते. रोसांदा आता जिना चढत असेल, असं मनाशी म्हणून ती निश्चिंत झाली.

समितीच्या प्रमुख यास्ना लोंचार या सत्तरीच्या, सडपातळ बाई होत्या. अंगावर काळे कपडे. एक वाजेपर्यंत आकडे झाले, तक्ते झाले. मग कुलगुरू उठले आणि त्यांनी छोट्या पेल्यांचं तबक फिरवायला लावलं.

"आज आमच्या नेवेन्काबाईंची स्लावा आहे," ते म्हणाले. "तरी त्या इथं हजर आहेत. तोल म्हणतात तो हाच! घ्या सगळ्यांनी, त्यांच्या घराच्या नावानं."

सगळ्यांनी पेले उचलले. यास्नाबाईंनी आपल्यापुढचा पेला हळूच मागे सारला.

"राग मानू नका," त्या नेवेन्काला म्हणाल्या. "बहीण गेलीय माझी. वर्षभर कुणाच्या स्लावात मी नाही. दुखवट्यातल्या माणसानं दुसऱ्याच्या आनंदात काळं घेऊन जाऊ नये."

"छे, राग कसला," नेवेन्का म्हणाली. आणि पेला ओठांशी नेता नेता तिचा हात थांबला.

रोसांदाकाकू काळ्या कपड्यांत होती. ती जिन्यात दिसली होती, कचऱ्याच्या डब्यापाशी दिसली होती, डोक्याला काळा रुमाल. तिचा भाऊ ऑक्टोबरात गेला. माती सकाळी अकराला होती आणि नेवेन्काची त्याच वेळी बैठक होती. संध्याकाळी भेटून येऊ असं तिने ठरवलं होतं, मग उद्या ठरवलं, आणि मग ते राहूनच गेलं. रोसांदा येणार नव्हती. दहाला नाही, बाराला नाही. आज नाहीच.

घरात एक म्हातारा होता, ज्याला आज काय वार हे आठवत नाही, ज्याने गेल्याच महिन्यात गॅसवर रिकामं पातेलं ठेवून दुपारची झोप काढली होती. त्याच्यासमोर जळती मेणबत्ती होती. आणि मेणबत्ती कडेला सरकवलेली होती. कडेला काय होतं? तिने डोळे मिटून टेबल आठवलं. पोळी, गहू, बाटली, ताटं. आणि कागद. दोनशे पानांचा, खाडाखोडीचा, कोरडा ठक्क गठ्ठा, मेणबत्तीपासून वीतभर अंतरावर.

"बरं वाटत नाही का?" शेजारच्या अधिष्ठात्याने कुजबुजून विचारलं.

"नाही, नाही. उकडतंय जरा."

नोव्हेंबरात! तो तिच्याकडे बघतच राहिला. उठून जायला हवं होतं. खुर्ची मागे सरकवायची, माफ करा म्हणायचं आणि दार गाठायचं, बस इतकंच. पण ती बसून राहिली. उठलं तर सांगावं लागणार, आणि सांगितलं तर चोवीस तासांची सोय कुठे गेली, हे विचारलं जाणार. दहा मिनिटांत जेवणाची सुट्टी होईल, तिने स्वतःला सांगितलं. ती पस्तीस मिनिटांनी झाली. ती पस्तीस मिनिटं तिने कशी काढली, हे तिचं तिलाच ठाऊक. तिच्यापुढच्या कागदावर तिने फक्त रेघा ओढल्या होत्या.

पेटीतून फोन घेऊन ती जिन्याशी पळाली. घरचा फोन वाजला. वाजत राहिला. तिने पुन्हा लावला, आणखी एकदा लावला. कुणी उचलला नाही. तिहोमिर एरवी फोनजवळच बसत आणि पहिल्या घंटेला उचलत. मग तिने रोसांदाला लावला.

"काकू, घरी आहेस?"

"मी? मी भावाच्या गावी आलेय, वहिनीकडे. का गं?"

"नाही... मला वाटलं, तू आमच्याकडे..."

"मी कशी येणार?" रोसांदाचा आवाज बदलला. "भावाला जाऊन महिना नाही झाला माझ्या. काळे कपडे घालून कुणाच्या मेणबत्तीपुढं जातात का? एवढंही विसरलीस? पण तुला कसं आठवणार म्हणा. मातीला कुठं होतीस तू."

"चुकलंच माझं, काकू. मी..."

"एक मिनिट. तू कुठून बोलतेयस? नेवेन्का! तिहोमिरजवळ कोण आहे?"

नेवेन्का जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"मेणबत्ती पेटवून गेलीस? त्याला एकट्याला टाकून? अगं बाई, देवा! पळ आधी घरी!"

आता खालच्या मजल्यावर कुणाला सांगावं? खालचं घर उन्हाळ्यापासून रिकामं होतं. अग्निशमन दलाला फोन करावा? आणि सांगावं काय, की आग लागलेली नाही, पण लागेल असं वाटतं? गावभर बभ्रा झाला असता. ती वळली तर मागे कुलगुरू उभे.

"दोन वाजता तुमचं निवेदन," ते म्हणाले. "विसरला नाहीत ना?"

"मला घरी जायला हवं. बाबा एकटे आहेत."

"एकटे कसे?" कुलगुरूंच्या भुवया वर गेल्या. "चोवीस तास सोय आहे, तुम्हीच लिहिलंय. ती प्रश्नावली समितीच्या फायलीत आहे, बाई. आता त्यांना काय सांगू मी? की आमचा आदर्श खोटा आहे?" मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "वीस मिनिटांचा तर प्रश्न. बोला आणि निघा. मी माझी गाडी देतो ना तुम्हाला. आणि जानेवारीचं माझ्या डोक्यात आहे बरं का."

ती थांबली. सांगायला लाज वाटते, पण ती थांबली. सकाळपासून बाबा एकटे आहेत, आणखी वीस मिनिटांनी काय होणार, असा हिशेब तिने केला. भ्यालेलं माणूस ज्याच्याजवळ उभं असेल त्यालाच आधी भितं, आणि तिच्याजवळ कुलगुरू उभे होते.

दोनला निवेदन सुरू होणार होतं, ते अडीचला सुरू झालं. फोन पुन्हा पेटीत टाकून आलेली नेवेन्का उभी राहून बोलू लागली. काम संपल्यावर काम संपलं पाहिजे, ती म्हणाली. घराला आपला वेळ दिला की कामाला आपोआप धार येते, ती म्हणाली. तिचा आवाज तिच्याच कानांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. सातव्या तक्त्यावर असताना बाहेरून भोंगा ऐकू आला.

ती वाक्याच्या मध्येच थांबली. भोंगा जवळ आला. अग्निशमन दलाची गाडी विद्यापीठासमोरून गेली आणि चौकातून डावीकडे वळली. डावीकडे रेल्वे वसाहत होती. डावीकडे तिचं घर होतं. आवाज लांब जात जात एका जागी थांबल्यासारखा वाटला.

कुलगुरू पेन्सिलीने टेबलावर हळूच टकटक करत होते.

"तर," नेवेन्का म्हणाली, "आठवा मुद्दा." आणि तिने आठवा मुद्दा सांगितला. हातातला कागद तिने टेबलावर ठेवून दिला.

टाळ्या झाल्या. यास्नाबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या तिच्याकडे बारकाईने बघत होत्या.

"एकच विचारते," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतःला दहापैकी नऊ दिलेत. तुमच्या वडिलांना विचारलं, तर तेही नऊच देतील?"

"हो," नेवेन्का म्हणाली. "बहुतेक दहा." ती हसली, सगळे हसले, आणि त्या हसण्याच्या आडून ती दारातून बाहेर पडली. कुलगुरूंची गाडी समितीचं सामान हॉटेलवर न्यायला गेलेली होती. पेटीतून फोन घ्यायचाही तिला विसर पडला. रस्त्यावर जी टॅक्सी दिसली तिच्यापुढे ती जवळजवळ आडवीच झाली.

"मरायचंय का, बाई?" टॅक्सीवाला ओरडला.

"रेल्वे वसाहत. लवकर. मघाशी बंब गेला तो कुठं गेला?"

"मला काय ठाऊक? कुणाचं तरी धुराडं पेटलं असेल. थंडी पडली की रोजचंच ते."

वसाहतीच्या तोंडाशी लाल बंब उभा होता. मग तिला दिसलं की शिडी समोरच्या बेकरीच्या धुराड्याला लावलेली आहे आणि दोन जवान खाली उभे राहून पाव खातायत. तिने टॅक्सीवाल्याच्या हातात नोट कोंबली आणि धावत सुटली. तिसऱ्या मजल्यापर्यंत तिने श्वास घेतला की नाही कोण जाणे. दार तसंच लोटलेलं होतं. आत मेणाचा आणि काहीतरी करपल्याचा वास होता.

"बाबा!"

बाहेर अंधारत आलं होतं आणि घरात एकही दिवा लावलेला नव्हता. उजेड होता तो फक्त मेणबत्तीचा. ती बोटभर उरली होती आणि एका बाजूला कलली होती. बाराच्या बारा ताटं जशी मांडली तशी, एकात खरकट्याचा कण नाही. टेबलापाशी तिहोमिर उभे होते. काळा सूट, सगळी बटणं लावलेली, डाव्या हाताने त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. उजवा तळहात त्यांनी ज्योत आणि कागदांचा गठ्ठा यांच्यामध्ये आडवा धरला होता. हातावर मेण ओघळून ओघळून थर झाला होता आणि करंगळीकडची कातडी लालभडक होऊन सोललेली दिसत होती. वरच्या पानाचा फक्त कोपरा काळा पडला होता.

सकाळी तिने त्यांना बसवून ठेवलं होतं. आता त्यांच्या बुटांवरून पायांची सूज बाहेर आली होती. पँट ओली होती. कोपऱ्यातला फोन टेबलापासून चार पावलांवर होता, आणि तेवढ्यासाठीही ते जागचे हलले नव्हते. एकतीस वर्षं हा माणूस रेल्वेच्या फाटकावर होता आणि एकतीस वर्षांत एकदाही जागा सोडून गेला नव्हता.

"या, या," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण आर्जव यजमानाचं होतं. "आलात, फार बरं झालं. आज कुणीच फिरकलं नाही. बसा ना. गहू घ्या आधी चमचाभर."

"बाबा, हात काढा तिथून. खाली बसा तुम्ही. बसा आधी!"

ती त्यांच्या खांद्याला धरून त्यांना खाली बसवू लागली. म्हाताऱ्याने नेट लावला. एवढं बळ त्या शरीरात कुठून आलं, देव जाणे.

"छे हो. यजमानानं बसायचं नसतं. पाहुण्यानं बसायचं." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. नजर तिच्या चेहऱ्यावरून फिरली, तिथे थांबली नाही, आणि खाली गळ्यातल्या ओळखपत्रावर येऊन स्थिरावली. त्यांचा चेहरा एकदम भेदरला.

"तुम्ही तिच्या ऑफिसातल्या का?" त्यांनी विचारलं. "कागदांसाठी आलात? बघा, मी हात नाही लावला. एकाही पानाला लावला नाही. ते जळणार होते, म्हणून मध्ये हात धरला फक्त. तिला सांगू नका, हं. ती रागावते."

"बाबा, मी आहे. नेवेन्का. मी आलेय घरी."

"हो, नेवेन्का. ती मोठी आहे तिथं, फार मोठी." ते अभिमानाने म्हणाले. "आता घरची यजमान तीच. मी आपला तिच्या जागी उभा आहे, ती येईपर्यंत. तासाभरात येते म्हणालीय." त्यांनी दाराकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरून, तिच्या पलीकडे. गुडघे लटपटले, तरी खुर्चीची पाठ त्यांनी सोडली नाही. "तिला जरा लवकर सोडा हो आज. ती आली की मी बसेन."